तू भर प्रार्थनाघरात सांगितलंस

मेहिटाबेलताई,

माझं बाळ गेलं तेव्हा तुझ्या गळ्यात पडून मी म्हणाले, "देव कुठल्याच तान्ह्या जिवाला नरकात टाकत नाही गं." तान्हं मूलही नरकात जाऊ शकतं, ही आपल्या पंथाची शिकवण; म्हणून रविवारी भर प्रार्थनाघरात उभं राहून मी असं म्हणाले, हे तू पाद्रीबाबांना सांगितलंस.

"सख्ख्या बहिणीविरुद्ध बोलतेस?" त्यांनी विचारलं.

"बहीण म्हणून पाखंड झाकू का?"

मी शब्द मागे घेतले नाहीत, म्हणून मला मॅसॅच्युसेट्समधून हाकललं. आता ऱ्होड आयलंडला अनोळखी माणसांत राहते.

तुझा तान्हा एनॉक गेला, तेव्हा तूही माझ्याजवळ हेच म्हणाली होतीस. त्या रविवारी प्रार्थनाघरात ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी बोलले नाही. हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर तुलाही हाकलतील, म्हणून पाठवत नाही.

तुझीच,
डॉर्कस