बंड्या जेवत नाही

१९ ऑगस्ट, मंगळवार
आजपासून लॅबला हजर. वडिलांना, आबांना, जाऊन सोळा दिवस. शिरूरच्या खोलीवर आलो की गावी, केंदूरला, काही झालंच नाही असं वाटतं.
आईचा फोन. आबांचा कुत्रा, बंड्या, जेवत नाही. "खाटंखालनं हालत न्हाई. भाकरी हुंगतो आन् तोंड फिरवतो." वस्तीवरचे लोक त्याला बघायला येतात. चुलते, तात्या, म्हणाले म्हणे, "माणसापरीस जनावराला माया." म्हणजे टोमणा मला. दहाव्याला माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
बहिणीचा, सुनंदाचा, दौंडवरून फोन. धाकटी असून हुकूम सोडते. "दादा, गावभरचं रक्त तपासतोस, बंड्याचं तपास की."
म्हटलं, दुःख रक्तात दिसत नाही.
"तुझं तर तोंडावर पण दिसत नाही." हसली.

२४ ऑगस्ट, रविवार
केंदूर. बंड्याच्या पुढच्या पायातून दोन मिली रक्त घेतलं. हूं की चूं केलं नाही. एरवी मी हात लावला की गुरगुरतो. कानामागे गोचिडी, चार-पाच काढल्या. आई म्हणाली, लघवी काळ्या चहासारखी होते. "पानी पीत न्हाई, दुसरं काय." मलाही पटलं.
निघताना डोक्यावर हात ठेवला. अंग गरम. आपल्या घरात कोणीतरी आबांसाठी रीतसर दुःख करतंय, एवढंच मनात आलं.

२५ ऑगस्ट, सोमवार
बंड्या : हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट फारच कमी. पण मशीन माणसांचं, कुत्र्याचं किती खरं धरायचं? नमुना गोठला असेल. काचेवर रक्त पसरून ठेवलं, रंग द्यायचा राहिला. तापाचे पेशंट फार. उद्या.
आईला सांगितलं, विशेष काही नाही.
"मी म्हनत न्हवते? झुरनीला लागलंय ते."

३० ऑगस्ट, शनिवार
काच तशीच. उद्या-उद्या करत आठवडा गेला.
सकाळी आईचा फोन, बंड्या उठत नाही. सुनंदा गाडी करून केंदूरला गेली, त्याला दौंडला ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी शिरूरहून एसटीनं थेट तिकडे.
डॉक्टरांनी ओठ उचलून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्या, कडेला पिवळट. कानाच्या टोकाला सुई टोचून थेंब काचेवर घेतला. संशय आहे ते जंतू बारीक रक्तवाहिन्यांत जास्त सापडतात म्हणाले. काच रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवली. "लॅबवाले ना तुम्ही? या, बघा."
तांबड्या पेशींत दोन-दोन थेंब, टोकाला टोक लावलेले. गोचीड ताप.
"जेवण कधीपासून सोडलंय?"
सुनंदा म्हणाली, "दोन आठवडे झाले. आम्हाला वाटलं, वडिलांसाठी..."
"असंच वाटतं सगळ्यांना." इंजेक्शन भरता भरता म्हणाले, "आठवडाभर आधी आणायला हवा होता."
सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार
बंड्या पहाटे गेला, सुनंदाच्या घरी. केंदूरला आणून गोठ्यामागे पुरला. आईनं खड्ड्यात आबांचा टॉवेल घातला. येईल त्याला सांगत होती, "त्यांच्या मागं गेलं बगा. अन्न सोडलं." तात्यांनी डोळे पुसले. मीही मान हलवली.

३ सप्टेंबर, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत २५ तारखेची काच रंगवली. रक्ताच्या पातळ कडेला, मायक्रोस्कोपच्या तिसऱ्याच फील्डमध्ये दिसले. तेच, दोन-दोन. मलेरियाचं 'निगेटिव्ह' लिहायला मी शंभर फील्ड बघतो. इथं सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम होतं आणि पाच दिवस हातात होते.
गर्दी होती हे खरं. पण रोज संध्याकाळी टेबल आवरताना ती काच समोर होती. उचलून बाजूला ठेवायचो. ती मला बघायचीच नव्हती, असं आता वाटतं. बंड्या नुसता आजारी निघाला असता, तर मग आबांसाठी आमच्यात...
राहू दे.

७ सप्टेंबर, रविवार
केंदूर. सुनंदानं आईला फोनवर गोचीड तापाचं सांगितलंय. माझ्या काचेचं दोघींनाही माहीत नाही.
"मंग झुरत न्हवतं व्हय रे ते?"
"दोन्ही असेल."
"तू रक्त नेलं व्हतंस की. तवा न्हाई दिसलं?"
"मशीन माणसांचं आहे, आई."
तिनं लगेच मानलं. दुपारी शेजारच्या काकू आल्या, त्यांना सांगत होती, "पोरानं रक्त नेलं व्हतं वो. पर मशीन पडलं मान्सांचं." काकू म्हणाल्या, "त्याचा काय दोस त्यात?" मी आतल्या खोलीत होतो. बाहेर येऊन बोलायला हवं होतं.
निघताना आईनं विचारलं, "आबांचं मातर बरोबर दिसलं व्हतं ना रं? किडन्या गेल्या, आता काय उपेग न्हाई, आसं तूच सांगितलं व्हतंस."
"हो."
ते खरं होतं. आबांचं रक्त मी तीनदा तपासलं होतं. पण मशीनचं सांगितलं त्याच आवाजात हेही सांगितलं. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अजून काही विचारायचं होतं तिला. एसटीची वेळ झाली म्हणून मीच उठलो.