मनमाडच्या मैदानावरची शिट्टी

सोमवार, ८ जानेवारी १९७९

काल मी खोटे बोलले आणि माझ्यावर विश्वास ठेवला गेला. म्हणून लिहायला बसले. कुठेतरी खरे नोंदलेले असावे.

क्रमाने. एकलहऱ्याच्या आमच्या वीज केंद्र कॉलनीचा फुटबॉल संघ यंदाच जिल्ह्याच्या वरच्या गटात चढला. घरचे पहिले दोन्ही सामने हरलो. काल बाहेरगावचा पहिला, मनमाडला. माझा भाचा विजय संघात पुढे खेळतो, राहतो माझ्याकडेच. नाशिक रोडहून पॅसेंजरने चाळीसेक माणसे निघाली, बायका, डबे, सतरंज्या. शाळेत कवायत मी घेते, म्हणून माणसे मोजायचे काम माझ्याकडे. फलाटावरच बजावले : एक शिट्टी म्हणजे असाल तिथे थांबायचे, दोन म्हणजे माझ्याजवळ यायचे.

बॉयलरवरचे काशिनाथराव म्हणाले, "बाई, आम्ही काय सहावी ब का?"

"सहावी ब तुमच्यापेक्षा बरी."

सगळे हसले. तोवर दिवस चांगला होता.

सामना शेवटाकडे आला तरी गोल नाही. आम्ही मनमाडच्या गोलमागे उभे. उंच आलेला चेंडू त्यांच्या गोलकीपरने झेलला, आमच्या एकाने त्याला जरा ढकलले. तेवढ्यात काशिनाथराव पत्र्याचा डबा बडवत चुन्याची रेघ ओलांडून आत. मी शिट्टी वाजवली. एक.

काशिनाथराव थांबले. गोलकीपरही थांबला. त्याला वाटले, ढकलल्याबद्दल पंचांनी वाजवली. त्याने चेंडू खाली ठेवला, पाठ फिरवून आपल्या खेळाडूंना हात केला. विजय धावत आला आणि चेंडू आत सारला.

पंच लांब होते. त्यांना डब्यांच्या आवाजात काही ऐकू आले नव्हते. गोलकीपर ओरडत होता, शिट्टी झाली, शिट्टी झाली. पंच आमच्याकडे आले. "तुमच्यात शिट्टी कोणाकडे आहे?"

काशिनाथराव म्हणाले, "साहेब, बाईंना विचारा. त्या खोटं बोलत नाहीत."

शिट्टी माझ्या मुठीत, पदराखाली. मी म्हणाले, "नाही."

एक-शून्य. जिंकलो.

मंगळवार, ९

प्रार्थनेला शिट्टीऐवजी टाळ्या वाजवून रांगा केल्या. मुली एकमेकींकडे बघत होत्या.

सातवीतली एक म्हणाली, वही घरी राहिली. राहिली नव्हती, लिहिलेच नव्हते. एरवी तास संपेपर्यंत उभी केली असती. "बस" म्हणाले. ती जास्तच घाबरली.

बुधवार, १०

मला वाटत होते कोणाला माहीत नाही. किती मूर्ख.

दूध केंद्रावर काशिनाथराव. चारचौघांत, आवाज खाली आणून : "बाई, पुढच्या मॅचला तुमचं तिकीट आमच्याकडं. फक्त ती घेऊन या." आणि गळ्याशी बोट नेले, दोरी असते तिथे. बाकीचे जमिनीकडे बघून हसले. एकजण म्हणाला, "लय भारी काम केलं बाईंनी."

मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांनी शिट्टी ऐकली होती. मी नाही म्हणाले तेव्हा त्यांच्यातला एकही दचकला नाही. त्यांना मी आता आपल्यातली वाटते. एकवीस वर्षे शिकवून जे प्रेम मिळाले नाही ते एका खोट्यावर...

शुक्रवार, १२

विजय, जेवताना.

"मावशी, तुझी शिट्टी मी लहानपणापासून ऐकतोय. मला ओळखू येत नाही होय?"

"मग चेंडू का मारलास?"

"तू का वाजवलीस?"

त्याने ताट स्वतः घासले. कधी घासत नाही.

रविवार, १४. संक्रांत

सकाळपासून तिळगूळ द्यायला बायका. प्रत्येकीच्या तोंडी विजयचा गोल. अकराच्या सुमारास दारात एक तरुण. आधी ओळखले नाही. त्या दिवशी टोपी होती. मनमाडचा गोलकीपर, प्रभाकर. एकटाच आला होता, कॉलनीत घरोघर विचारत.

त्याचे शब्द आठवतील तसे :

"बाई, मला संघातून काढलं. म्हणे झोपला व्हता. म्हणे कान तपासून घे. घेतले. डाक्टर म्हणाला, कान चांगले हायेत."

तो रेल्वेच्या यार्डात हंगामी खलाशी. खेळाच्या जोरावर कायम करू असे साहेबांनी म्हटले होते. आता ते नीट बोलत नाहीत. आई सोबत असते, दोन बहिणी लग्नाच्या.

"तुमच्यावर माझा राग नाय. कुणी वाजवली ते तुम्हाला दिसलं नसंल. पण तुमचं ही लोकं ऐकत्यात. एकानं जरी लिहून दिलं, शिट्टी वाजली व्हती, तरी पुरं."

मी काय केले? त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिळगूळ घ्या, गोड बोला, असेही म्हणाले. सवयीने. त्याने वाकून नमस्कार केला आणि गेला.

शिट्टी आतल्या खोलीत खुंटीवर होती. दारातून दिसत नव्हती. हे मी आधी बघून घेतले होते.

सोमवार, १५

मनमाडच्या संघाला पत्र लिहिले. "माझ्या हातून अनवधानाने" असा आरंभ. फाडले.

मंगळवार, १६

पुन्हा लिहिले. पुन्हा "अनवधानाने" तिथेच अडले.

बुधवार, १७

का अडते ते लिहिते.

शिट्टी फुंकली तेव्हा मी काशिनाथरावांकडे बघत नव्हते. ते आत शिरलेले डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले होते, खरे. पण बघत होते मी गोलकीपरच्या हातातल्या चेंडूकडे. तो थांबेल असे मनात आले होते का? आले होते असे म्हणवत नाही. आले नव्हते असे म्हणायला बसले की...

पत्रातून शब्द काढला. "मी शिट्टी वाजवली. पंचांनी विचारल्यावर नाही म्हणाले." एवढेच. दोन प्रती केल्या.

शनिवार, २०

विजयला पत्र दाखवले. उभ्यानेच वाचले.

"गुण जातील. परत खालच्या गटात जाऊ."

"जाऊ."

"तुला काय. तू शाळेत जाशील. मला प्लांटवर रोज त्यांच्यात उभं राहायचंय."

बरोबर आहे. मग तो म्हणाला, "वरच्या गटातला माझा एकच गोल आहे मावशी."

पत्र त्याने फाडले नाही. टेबलावर ठेवले, वर पाण्याचा पेला ठेवला, उडू नये म्हणून.

रविवार, २१

सकाळच्या पॅसेंजरने एकटी मनमाडला. निघताना विजय तोंडावर पांघरूण घेऊन. जागा होता.

मैदानावर सराव चालू होता. गोलमध्ये दुसराच. प्रभाकर कडेच्या दगडावर बसून बघत होता, घरच्या कपड्यांत. मला पाहून उठला. मी बसले नाही. उभ्याने सांगितले : शिट्टी माझी, वाजवली मी, खोटेही मी बोलले, आणि संक्रांतीला तू दारात उभा असतानाही खरे सांगितले नाही.

त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते.

"म्हणजे वाजली व्हती."

"वाजली होती."

"मला सोतालाच खरं वाटंना झालं व्हतं, बाई."

मग म्हणाला, "एकदा वाजवा. हितंच."

मी वाजवली. एक. मैदानावर सगळे जागच्या जागी थांबले. चेंडू एकटाच घरंगळत गेला. माना वळल्या, आधी पंच शोधायला, मग आमच्याकडे. प्रभाकर त्यांच्याकडे बघत होता. हसला नाही.

त्यांच्या संघाचे चिटणीस चहाच्या टपरीवर भेटले. पत्र वाचले, घडी घातली, म्हणाले, "आता कमिटीपुढं ठेवावं लागंल. बघू." प्रभाकरला परत घेणार का, विचारले. पुन्हा "बघू."

परत आले तेव्हा विजय घरी नव्हता. त्याचे जेवण झाकून ठेवले आहे.

आज दिले ते : पत्राची एक प्रत, सही व तारखेसह, चिटणिसांकडे. दुसरी प्रत प्रभाकरकडे. शिट्टी एक, पितळी, ट्रेनिंग कॉलेजपासूनची, काळ्या दोरीसकट, प्रभाकरच्या हातात. तो नको म्हणत होता. कमिटीपुढे दाखवायला लागेल, म्हणाले. मग घेतली.