हात लागण्याआधीचा रंग

आई,

आपल्या कोंबड्यांची अंडी फिकी का पडली होती, ते मला कळलंय. इतक्या वर्षांनी, आणि तेही कामाच्या ठिकाणी, एका परक्या माणसाच्या तोंडून. घरी आल्या आल्या कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून लेकीला बंगळुरूला फोन लावला. ती म्हणाली, "मम्मी, मीटिंगमध्ये आहे, मेसेज करून ठेव ना." मेसेजमध्ये मावेल असं ते नव्हतं. तिने त्या कोंबड्या पाहिल्या नाहीत, राई गावातली आपली भाड्याची खोली पाहिली नाही, आणि तू गेलीस तेव्हा ती लहानच होती. मग कागद घेऊन बसले.

मी हाटकेशला अंड्यांच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बिलं करते. जावई गेले तुझे, त्यानंतर पूनम सागर सोसायटीतल्या त्या दोन खोल्यांत दिवस सरेना, म्हणून हे काम धरलं. आमच्याकडे पांढऱ्या अंड्यांबरोबर तपकिरीही येतात. हल्ली जिमला जाणारी मुलं तीच मागतात. मध्यंतरी हा तपकिरी माल फिका यायला लागला. दुकानदार परत पाठवू लागले, म्हणाले, चहाच्या पाण्यात बुडवून रंगवता की काय. शेठने फार्मवर आरडाओरडा केला, तेव्हा त्यांनी त्यांचा जनावरांचा डॉक्टर पाठवला. साताऱ्याकडचा तरुण माणूस, शांत बोलणारा. तो एकेक ट्रे उजेडात धरून बघत होता आणि मी टेबलावरून उठून त्याच्याशेजारी कधी जाऊन उभी राहिले, मलाच कळलं नाही. त्याच्या हातातलं अंडं अगदी तसंच होतं. वर राख भुरभुरल्यासारखं.

बाबांनी पिल्लं आणली तो दिवस मला नीट आठवतो. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यातून ते पॉलिशचा काळा थर अंगावर घेऊन यायचे, आणि त्या दिवशी हातात भोकं पाडलेला खोका होता. सुधारित जातीच्या कोंबड्या आहेत, म्हणाले, लाल अंडी देतात. तू आधी कुरकुरलीस, की पाण्याची मारामार, त्यात ही घाण कोण काढणार. पण पहिलं अंडं आलं तेव्हा तूच ते ओंजळीत घेऊन आलीस आणि माझ्या गालाला लावलंस. गरम होतं. विटेसारखा गडद रंग, आणि तुझ्या तळव्यांना राखेचा वास. तू म्हणालीस, "बघ, जिवंत वाटतंय की नाही." गालाला लागलेली ती ऊब मला अजून सांगता येते, तुझा आवाज मात्र आता आठवावा लागतो.

मग बाबा तापाने गेले. चार दिवसांचा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि तू एकटीच परत आलीस. त्याच सुमारास आपल्या खोलीमागच्या शेतात मातीच्या भरणीचे डंपर यायला लागले, आणि मग ते जमिनीत खांब ठोकायचं यंत्र. दिवसभर धाड, धाड. फळीवरची भांडी वाजायची. आपल्याला त्याची सवय झाली, म्हणून मला वाटलं कोंबड्यांनाही झाली असेल. अंडी फिकी पडत गेली ती तेव्हापासून. आधी गुलाबीसर, मग खडू फासल्यासारखी, काहींचं कवच खरखरीत. एका सकाळी काकी, आपली घरमालकीण, भाकऱ्या घेऊन आली. ती रागावलेली नव्हती, वाईटही नव्हती. बाबा गेल्यावर आपल्याला पहिलं जेवण तिनेच घातलं. तिने टोपलीत बघितलं आणि हळूच म्हणाली, "गो, तू नको हात लावू त्यांना. तुजा हात आता तसा न्हाय ऱ्हायला."

तू भाकऱ्या घेतल्यास आणि झाकून ठेवल्यास. दुसऱ्या दिवसापासून खुराड्यात मला पाठवायला लागलीस. मी अंडी काढतेय आणि तू दारात उभी आहेस, दोन्ही हात पदरात गुंडाळून, थंडी नसताना. एकदा माझ्या हातून एक निसटायला आलं, तू पटकन पुढे झालीस आणि तशीच थांबलीस. फुटू दिलंस. नंतर मी तुला विचारलं, की काकी म्हणते ते खरं असतं का गं. तू इतक्या जोरात "गप बस" म्हणालीस की मी पुन्हा कधी विचारलं नाही.

शेवटी तू त्या सगळ्या काकीच्या लेकीला देऊन टाकल्यास, गावाच्या दुसऱ्या टोकाला, खाडीकडे. तिथे त्यांची पिसं झडली, नवी आली, आणि थंडी संपता संपता काकी एक अंडं मुद्दाम दाखवायला घेऊन आली. चांगलं लाल. तिला आनंद झाला होता. "बघ गो, सुधारल्या," म्हणाली. तू चुलीसमोर बसली होतीस. "ठेवा तिथे," एवढंच म्हणालीस. मला वाटतं, त्या दिवशी तुझी खात्री पटली. तोवर निदान शंका तरी होती.

पुढे माझ्या लग्नात हळद लावायला सगळ्या बायका उठल्या आणि तू स्वयंपाकघरात डाळ शिजलीय का बघायला गेलीस. लेक झाली तेव्हा नर्स तिला तुझ्याकडे द्यायला आली. "मावशी, घ्या ना नातीला." तू म्हणालीस, "माझे हात ओले आहेत." कोरडे होते गं. मला पलंगावरून दिसत होते. नंतरही तू तिचे लंगोट धुतलेस, पेज केलीस, रात्री झोळीची दोरी ओढलीस. तिला मात्र कुणी तुझ्या मांडीत ठेवली तरच घ्यायचीस, आणि तीही जपून, उसनी आणल्यासारखी.

तर तो डॉक्टर. शेठला तो समजावत होता, की कोंबडीचं वय झालं की अंडं मोठं होतं आणि रंग तेवढाच, म्हणून तो पातळ पसरतो. कडक ऊन, सर्दीसारखा आजार, काही औषधं, यांनीही उतरतो. आणि भीती. कोंबडी घाबरली की तयार झालेलं अंडं आतच धरून ठेवते, मग त्या रंगावर चुन्याचा आणखी एक थर चढतो. या कोंबड्यांच्या शेडशेजारी रस्त्याचं काम निघालंय, म्हणाला, त्याचाच संशय आहे.

मी विचारलं, "खांब ठोकायचं मशीन असेल तर?"

"मग तर घाबरणारच, मॅडम."

"आणि लांब नेल्या तर रंग परत येतो?"

"येतो बऱ्यापैकी. पिसं झडून विश्रांती मिळाली तर अजून चांगला. तुमच्याकडे होत्या का?"

मी म्हटलं, आईकडे होत्या. मग विचारलंच, की अंडी कोण उचलतं, कुणाचा हात लागतो, याने काही फरक पडतो का. तो हसला नाही, हे बरं केलं त्याने. म्हणाला, "हाताचा काय संबंध? रंग पोटातच चढतो, अगदी शेवटच्या काही तासांत. अंडं बाहेर पडतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं." मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

रविवारी मी राईला गेले. काकी आहे अजून, खूप थकलीय. आपली खोली होती तिथे बिल्डिंग आहे, तीसुद्धा आता जुनी दिसते. मी तिच्यासाठी केळी नेली होती आणि मनात सगळं जुळवून नेलं होतं, आधी वय सांगायचं, मग मशीन, मग तो चुन्याचा थर. भांडायचं नव्हतं मला. तिच्या तोंडून मी एकदा "मंग तिचा हात न्हवता" एवढं ऐकावं, बस. तिच्या सुनेने तिला उठवून बसवलं. मी कोंबड्यांचं काढलं, तर ती म्हणाली, "कुठल्या कोंबड्या गो?" मी आठवण करून दिली. तिने खूप वेळ माझा चेहरा निरखला, आणि मग एकदम तिला ओळख पटली. माझा हात हातात घेतला. कोंबड्यांबद्दल नाही बोलली. म्हणाली, "तुजी आय बरी हाय ना?"

सून मागून खुणावत होती, की सोडून द्या, त्यांना आठवत नाही काही.

मी म्हटलं, "बरी आहे."

"तिला घेऊन ये गो येकदा."

"आणते," म्हटलं.

आई, हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुला सांगते. समजावायला गेले होते ते काहीच सांगितलं नाही तिला. रिक्षात बसून घरी येईपर्यंत तू बरी होतीस, आणि पुढच्या रविवारी तुला कसं न्यायचं याचा मी खरोखरच विचार करत होते.