गंधारऐवजी माझीच ॲडमिशन

बिन महमूद, दोहा
१४ ऑक्टोबर २०१८

सौ. नीतावहिनींना पूर्णिमाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि दादाचं गच्चीवरचं वांग्यांचं शेत कसं आहे? कागदावरचं पत्र बघून दचकू नका, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तुमचा मोबाईल आधी दादा वाचतो आणि उरलं तर तुम्ही.

तर झालं असं. गंधार बारावी झाला (हो, तोच, जो तुमच्या 'जेवलास का'ला 'येस मामी' म्हणून फोन माझ्याकडे देतो). इथल्या परदेशी विद्यापीठांची फी ऐकून श्याम बराच वेळ पंख्याकडे बघत बसला, आणि आमच्या घरात पंखा नाही. मग ऑफिसातल्या इकबालभाईंनी सरकारी कम्युनिटी कॉलेज सुचवलं. दोन वर्षं तिथं शिकायचं आणि पुढं मोठ्या विद्यापीठात जायचं. कतारी लोकांना फी नाही, आपल्याला विषयागणिक भरायची, पण झेपेल अशी. चौकशीला जायला श्यामला सुट्टी नव्हती. वर्ल्ड कपला अजून चार वर्षं आहेत, पण रस्ते आत्ताच खणून ठेवलेत, आणि त्यातले निम्मे आपल्या जावयानेच खणलेत. म्हणून मी गेले.

काल होता तो रस्ता आज नव्हता. टॅक्सीवाल्याने मला त्याच पेट्रोलपंपाचं तीनदा दर्शन घडवलं आणि शेवटी कॉलेजच्या दारात सोडलं. आत सगळ्या बायकाच. मला वाटलं, वा, इथंही मुलांच्या ॲडमिशनला आयाच येतात! टोकन घेऊन तासभर बसले. काउंटरवर ताहेरुन्निसा नावाच्या हैदराबादच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आपा, लडकों की बिल्डिंग अलग है. यहाँ तो सिरफ औरतां पढते."

मी उठले, तर शेजारच्या बाईंनी माझं कोपर धरलं. अंगभर काळा झगा, म्हणजे अबाया, हातात पारदर्शक पाऊच, त्यात चार पेन्सिली. नाव मुनीरा, वय एक्कावन्न, पाच मुलं, थोरली डॉक्टर. शाळा लग्नात सुटली होती, ती गेल्या वर्षी पुरी केली. आता प्रवेशाची चाचणी द्यायची होती आणि ह्याआधी दोनदा त्या ह्याच दारातून परत गेल्या होत्या. तुटक इंग्रजीत म्हणाल्या, "तू आत बसलीस तर मी बसेन." वहिनी, माझं कोपर त्यांनी सोडलंच नाही. मी ताहेरुन्निसांकडे पाहिलं. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. "भर दो आपा, कागजां बाद में लाना."

मी मुनीराबाईंसाठी बसले, असं घरी सांगितलं. पण खरं सांगते, पेपर हातात आल्यावर मी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दोघी पास झालो! इंग्रजीत मी थेट वरच्या वर्गात. गणितात मात्र अगदी पायापासून. मुनीराबाईंचं बरोबर उलटं. वर्गात आम्ही सव्वीसजणी. बहुतेक कतारी, बाकी सुदानी, इजिप्तच्या, येमेनी, आणि नाशिकची मी एकटी. कुणी अठरा वर्षांची, कुणी नोकरीवरून धावत येणारी, एक तर बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत हजर. अरबीत 'प' नाही, त्यामुळे हजेरीत मी 'बूर्निमा'. गंधारलाही मुलांच्या इमारतीत प्रवेश मिळाला. मी त्याच्या मित्रांसमोर येणार नाही, अशी शपथ त्याने घातली आहे. माझं बीजगणित पाहून "आई, धिस इज एट्थ ग्रेड स्टफ!" म्हणाला, आणि मग रोज शिकवायला बसला. शिकवताना चिडला की मात्र स्वच्छ मराठीत बोलतो.

दोन दिवस श्याम माझ्या फीचा हिशेब मांडत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ह्या वयात डिग्री घेऊन करणार काय?" मी म्हटलं, "तू रस्ते कशाला खणतोस? कुणाला तरी पुढं जायचं असतं म्हणूनच ना?" दुसऱ्या दिवसापासून स्वतः सोडायला येतो. कुठला रस्ता कधी बंद होणार, हे त्याच्याइतकं दोहात कुणाला ठाऊक?

दादाला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
पूर्णिमा

ता.क. वहिनी, एक काम होतं. कॉलेजला माझी बारावीची मूळ मार्कलिस्ट महिन्याभरात हवी आहे. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत असेल. गुडघा दुखत असेल तर शेजारच्या सोनमला चढवा.

ता.क. २. ती आमच्या घरी पाठवू नका, सोबत मुनीराबाईंचा पत्ता आहे. गणितात मला सदतीस होते. श्यामला लग्नाआधी त्र्याहत्तर सांगितले होते, आणि एकवीस वर्षांत दुरुस्त करायला वेळ मिळाला नाही.

ता.क. ३. वहिनी, श्यामचा नमस्कार. इकबालभाई नाशिकला निघालेत, त्यांच्या हाती द्यायला पूर्णिमाने हे पाकीट माझ्याकडे दिलं. डिंक नीट लागला नव्हता. माळ्यावर कुणालाच चढवू नका. व्हिसाच्या कागदांबरोबर दादांनी ती मार्कलिस्ट २००२ सालीच मला पाठवली होती. तेव्हापासून माझ्या फायलीत आहे. दोन आठवड्यांनी मुनीराबाईंच्या पत्त्यावर गुपचूप टाकतो. तुम्ही फक्त पाठवली म्हणा.