काहून आले ते?

बाबा, स्वयंपाकघराची ती भिंत अजून उभी आहे. दर पावसाळ्यात तुम्ही काठीनं ठोकून पाहायचे आणि म्हणायचे, "आवाज पोकळ येऊन राहिला." पोकळबिकळ काही नव्हतं. भिंत ठणठणीत होती, तुमचंच मन थाऱ्यावर नव्हतं.

लढाईचे दिवस होते. खिडक्यांना काळा कागद, फॅक्टरीत डबल ड्यूटी, आणि त्यातच आपल्या कांचघर वस्तीतला नाला फुगून घराघरांत शिरला. आपली भिंत पडली, चूल चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर फॅक्टरीच्याच बांधकाम युनियनचे गवंडी घमेली-फावडी घेऊन गल्लीत आले. दर सुट्टीच्या दिवशी, मजुरी न घेता, गाळ उपसत, भिंती उभ्या करत दारोदार फिरले. आपल्या दाराशी थांबले तेव्हा तुमचा चेहरा उतरला. कारण त्यांनी संप केला तेव्हा फॅक्टरीच्या इमारत खात्यातले तुम्ही एकटे गेटातून आत गेला होतात. तेव्हापासून तुमचं हुक्का-पानी बंद. कोणी बोलत नव्हतं, कोणी शेजारी बसून डबा खात नव्हतं. "काहून आले हे?" तुम्ही आईला आत ओढून म्हणालात. "दावा साधायला आले. कच्ची बांधतील, अन् एक दिवस तुझ्याच डोक्यावर पडेल."

"अवो, मग मी काय पावसात पोळ्या लाटू?" आई म्हणाली, आणि त्यांना आत घेतलं.

मला अजून तुम्ही दिसता. स्टूल टाकून बसला आहात, हातात स्वतःचा ओळंबा, विटेविटेवर नजर. त्यांचा हेडमिस्त्री बाजूला सरतो, तुम्हाला मोजू देतो. आई चहा पाठवते, कप भरलेले परत येतात. ते सगळे नळावर ओंजळीनं पाणी पितात. "पाहिलं?" तुम्ही कुजबुजता, "खाल्ल्या मिठाला जागावं लागू नये म्हणून."

गिलावा झाला त्या दिवशी हेडमिस्त्री हात धुऊन उंबऱ्याशी बसला. "भाभी, आज चाय पी लेंगे. भैया के साथ." आईनं पातेलं चढवलंसुद्धा. तो काय म्हणतोय ते मला शेंबड्या पोरीला कळलं, तुम्हाला कळू नये? तुम्ही स्टुलावरून उठलात. "इतके दिवस नाही, अन् आज काहून?"

तो उठला. मग "चलो" म्हणून घमेलं उचललं आणि गेला. चहा उतू गेला. रिटायर होईपर्यंत तुम्ही डबा एकट्यानंच खाल्लात. राग येतो हो बाबा, अजून येतो. एक कप चहाच तर होता!

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील इथंच, फडताळात. पण एक सांगते. परवा आमच्या गल्लीत पाणी शिरलं. समोरच्या घरची पोरं गाळ काढायला आली. त्यांच्याशी आमचं कधीपासून बोलणं नाही. मी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "काहून?"