चाळीसचं तेल, वीसचं तेल

बाजारहत्नूर, शनिवार, डिसेंबर १९५६, दिवेलागणी

इंजिन सुरू झालं! लिहिल्याशिवाय आज चैन पडायची नाही.

थंडी पडल्यापासून विहिरीवरचं इंजिन सकाळी हँडलच फिरू देईना, आणि तिकडे ज्वारी पाण्यावाचून सुकत चालली. भाऊजी आदिलाबादहून वंगणाचं महागाचं तेल घेऊन आले. डब्यावर चाळीसचा आकडा. दुकानदार म्हणाला म्हणे, "बड़ा नंबर, बढ़िया तेल." ते ओतलं तर हँडल आणखीच घट्ट झालं.

परवा मी धीर करून मामंजींना सांगितलं, "तो आकडा चांगलेपणाचा नाही, जाडपणाचा असते. थंडीत जाड तेल मधासारखं होते. वीसचं आणा."

भाऊजी हसले. "वहिनीचं माहेर आता मुंबई राज्यात गेलं ना, तिकडचं तेल येगळं असन!"

काऊन बोलले असं? माझे बाबा यवतमाळला कापसाच्या जिनात इंजिन चालवत. तेलाच्या वासात वाढले मी. सरहद सरकली म्हणून तेल थोडंच बदलते?

मामंजींनी मात्र काल वीसचं आणवलं. आज सकाळी जुनं काढून ते ओतलं. भाऊजींनी हँडल मारलं आणि धडधड, धडधड! पाटात पाणी धावलं. मामंजी सगळ्यांदेखत म्हणाले, "आता तेल सूनबाई सांगन तेच यीन."

चाळीसचा डबा उन्हाळ्यासाठी माळ्यावर ठेवला.

भाऊजी घाम पुसत आले. "वहिनी, मले बी शिकवा."

शिकवीन, उद्या. आज मला नुसतं मिरवू दे.