जबानी फिरवणार न्हाई

सिरसाळा

दादा,

हे पत्र तुरुंगात धाडणार न्हाई, पण लिहिल्याबिगर राहवत न्हाई.

आई-बाप ऊसतोडीला जायचे तवा सहा महिने तूच माझी आई व्हायचास. वेणी वाकडी यायची, पण घालायचास. नारायणगडाच्या जत्रेत मला खांद्यावर बसवून सगळी रेवडी मलाच चारलीस. त्या दादाची अजून लई आठवण येती.

तू तोडकऱ्यांच्या लेकरांच्या वसतिगृहाचा अधीक्षक झालास, तवा मी हौसेनं तिथं स्वयंपाकाला आले. मग एक दिवस दहा वर्षांची ती पोर माझा पदर धरून म्हणाली, "मावशी, सर खोलीत बोलावतेत. मला न्हाई जायचं." तिनं पुढं जे सांगितलं ते ऐकून मी तिला घेऊन सरळ ठाण्यात गेले.

कोर्टात तुझ्या वकिलानं विचारलं, "सख्ख्या भावावर उलटलात?"

मी म्हणले, "पोरगी खरं बोलती, साहेब."

जज म्हणाले, लेकरं ज्याच्या हवाली केली त्यानंच हे केलं, म्हणून शिक्षा जास्त. वीस वर्षं. वहिनी रडली. मीबी रडले.

आता अपिलात जबानी फिरव, असा निरोप तू धाडलास. "आपलं लहानपण आठव," म्हणालास. दादा, तेच तर आठवतं. म्हणूनच फिरवणार न्हाई.

पोरीचे आई-बाप परवा तोडीला गेले. मी तुझी बहीण हाय, हे माहीत असूनबी तिच्या आईनं जाताना तिचा हात माझ्या हातात दिला.

तुझीच,
वनमाला